घोडा ओळखला, पण भाव?

महाभारताच्या वनपर्वात नलराजाची कथा आहे. द्यूतात राज्य गमावलेला नल बाहुक या नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. विदर्भाच्या वाटेवर ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाकडे नुसती नजर टाकून पाने-फळे किती ते सांगितले. नलाने मोजून पाहिले, तो हिशेब बरोबर! नलापाशी घोड्यांची विद्या होती, ऋतुपर्णापाशी फाशांची आणि मोजदादीची. दोघांनी विद्यांची देवघेव केली. रेसच्या मैदानावर जिंकू पाहणाऱ्याला या दोन्ही विद्या लागतात. आपल्याकडचे बहुतेक शौकीन मात्र पहिलीवरच भिस्त ठेवतात.

पावसाळ्यात पुण्याच्या लष्कर भागातील रेसकोर्सवर शर्यती सुरू झाल्या, की आमच्या पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत जेवणाच्या सुट्टीत रेसबुके उघडतात. माझी सारी नोकरी इन्स्पेक्शन खात्यात गेली. शंभर नगांत किती नापास निघतील याचा अंदाज बांधणे हेच काम. म्हणून शेजारच्या खात्यातले एक फिटर मला म्हणाले, "साहेब, तुमच्या गणितानं एखादा घोडा काढून द्या की!" त्याच आठवड्यात त्यांच्या पत्नी आमच्या घरी आल्या. दिवाळीचा बोनस घरापर्यंत पोहोचेल की नाही, ही त्यांना काळजी. म्हणाल्या, "भावजी, घोडा नका सांगू. यांना एकदा हिशेब मांडून दाखवा." तोच हिशेब वाचकांपुढे ठेवतो.

आधी घोड्याची विद्या. मागच्या शर्यतींत तो कितवा आला, किती अंतरावर धावला, पाठीवर वजन किती होते, जॉकी कोण, पावसाने धावपट्टी किती मऊ झाली आहे, हे सारे पाहून त्याचा 'फॉर्म' ठरवतात. यात अभ्यासाला वाव आहेच. सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ साली घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ मानले.

पण एक मेख आहे. चाकण-खेडकडच्या घाटात बैलगाडा एकेकटा धावतो आणि घड्याळावर सेकंद मोजतात. (२०१४ साली थांबलेल्या या शर्यतींचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी वैध ठरवला.) तिथे काल वेगाने धावलेली बैलजोडी आजही तेवढेच ओझे ओढते. रेसकोर्सवरच्या हँडिकॅप शर्यतीत मात्र जिंकणाऱ्या घोड्यावर पुढच्या वेळी वजन वाढवतात. सारे घोडे एकाच वेळी पोहोचावेत अशीच ती योजना! म्हणजे घोड्याचा कालचा पराक्रमच आज त्याच्या पाठीवर बसतो.

आता दुसरी विद्या. टोटवर आपण घोड्याशी नव्हे, इतर पैज लावणाऱ्यांशी खेळतो. समजा, एका शर्यतीवर सर्वांचे मिळून १,००० रुपये लागले. क्लबचा आणि सरकारचा वाटा म्हणून २०० कापले, उरले ८००. लोकांनी फेव्हरिटवर ४०० लावले असतील, तर तो जिंकल्यावर दर १० रुपयांना २० मिळतील.

लोकांचा अंदाज अगदी अचूक आहे असे धरू. म्हणजे असा घोडा दहांत चारदा जिंकणार. दहा शर्यतींत तुम्ही लावले १०० रुपये. परत आले चार वेळा २०, म्हणजे ८०. घोडा ओळखूनही २० रुपये गेले! बरोबरी साधायची तर तो दहांत पाचदा जिंकला पाहिजे. म्हणजे तुमचा अंदाज बरोबर असून भागत नाही. तो गर्दीहून पुष्कळ सरस हवा. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा पैजांवरील जीएसटीचा दर ४० टक्के झाला आहे.

"मग पडेल घोडाच घ्यावा, भाव तर मोठा!" असे कोणी म्हणेल. ग्रिफिथ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली दाखवून दिले, की लोक अशा घोड्यांवर त्यांच्या लायकीपेक्षा अधिक पैसे लावतात. दहाचे चारशे होतील या आशेची किंमत भावातच वसूल झालेली असते.

मग या विद्येने कोणी जिंकलेच नाही का? जिंकले. बिल बेंटर या अमेरिकनाने हाँगकाँगमध्ये संगणकावर प्रत्येक घोड्याच्या अनेक बाबींचा हिशेब मांडला आणि प्रचंड पैसा मिळवला. १९९४ साली त्याने पद्धतही लिहून प्रसिद्ध केली. त्यातले मर्म असे, की स्वतःच्या अंदाजात त्याने गर्दीचा भावही मिसळला. गर्दीला त्याने मूर्ख समजले नाही. जेवणाच्या सुट्टीत मिळालेल्या टिपेवर हे साधत नाही.

आमच्या फिटरमित्रांना मी एक वही दिली. अट एवढीच, की एक हंगाम पैसे लावायचे नाहीत. शर्यतीआधी आपल्या घोड्याची शक्यता शेकड्यात लिहायची, नंतर निकाल आणि मिळाला असता तो भाव. 'तीस टक्के' म्हटलेले घोडे दहांत तीनदा येतात का, ते तपासायचे. हंगाम संपला तेव्हा त्यांचा अंदाज वाईट निघाला नाही. तीन निवडींत साधारण एक लागत होती. पण जमेची बाजू खर्चाला काही गाठेना. वही त्यांनी स्वतःच पत्नीच्या हाती दिली.

रेस पाहायला जरूर जावे. शेवटच्या वळणावरून सरळ पट्टीत येणारे घोडे ही डोळ्यांना मेजवानी आहे. मात्र खिशात न्यायची रक्कम घरातच, सर्वांसमक्ष ठरवावी, आणि ती तमाशाच्या तिकिटाप्रमाणे घरून निघतानाच खर्ची टाकावी. परत आली तर दिवाळी, न आली तर उधारी नाही.