अंधार मोजता येतो!

मुलांनो, ‘अंधार किती आहे?’ असं कुणी विचारलं, तर तुम्ही काय सांगाल? कुणी म्हणेल थोडासा, कुणी म्हणेल मिट्ट काळोख! पण तो मोजून दाखवा म्हटलं तर? गंमत म्हणजे अंधारही मोजता येतो. आपल्या राजधानीत, दिल्लीत, तो खरोखरच मोजला गेला आहे.

शहर दिवसा एक असतं आणि रात्री दुसरंच. दिवसा ज्या रस्त्यावर भाजीवाले, रिक्षा आणि शाळेची मुलं यांची वर्दळ असते, तोच रस्ता रात्री नऊला सामसूम होतो. मग क्लासहून परतणारी ताई लांबचा वळसा घालून घरी येते. कामावरून येणारी आई बसथांब्यापासून झपझप चालत सुटते. ‘रस्ता चांगला नाही’ म्हणून काही मुलींचा क्लासच बंद होतो. रस्ता चांगला नाही हे सगळेच म्हणतात, पण नेमका कुठे आणि कशामुळे, हे कळल्याशिवाय तो सुधारणार कसा?

हेच शोधण्यासाठी २०१३ साली कल्पना विश्वनाथ आणि आशीष बसू यांनी ‘सेफ्टीपिन’ हे मोबाईल अ‍ॅप सुरू केलं. त्यात एखाद्या जागेला नऊ गोष्टींसाठी गुण द्यायचे असतात. उजेड किती? जागा मोकळी आहे की आडोशाची? आसपासच्या खिडक्यांतून, दुकानांतून आपण कुणाला दिसतो का? लोकांची ये-जा आहे का? त्यांत बायका आणि मुलं किती? पोलीस किंवा पहारेकरी जवळ आहे का? चालायला धड वाट आहे का? बस, रिक्षा जवळपास मिळते का? आणि शेवटचा प्रश्न: इथे उभं राहून तुम्हाला कसं वाटतं?

पाहा हं, उजेड हा नऊपैकी एकच प्रश्न आहे! दिव्यांचा लखलखाट आहे, पण रस्त्यावर चिटपाखरू नाही, अशा ठिकाणीही भीती वाटतेच. उलट एखादी चहाची टपरी उशिरापर्यंत उघडी असली, तर तेवढ्यानंही धीर येतो.

एवढ्या मोठ्या शहरात पायी फिरून कुठे कुठे पाहणार? म्हणून गाड्यांवर कॅमेरे लावले आणि रात्रीच्या रस्त्यांचे फोटो काढले. त्यांवरून २०१६ साली दिल्लीत ७,४३८ काळोख्या जागा सापडल्या. ही यादी नकाशासह सरकारी यंत्रणेच्या हाती गेली. कुठे दिवे बसवायचे, कुठले दुरुस्त करायचे, हे आता नेमकं कळत होतं. पुढच्या पाहणीत अशा जागा उरल्या २,७८०. करा बरं वजाबाकी! ४,६५८ जागा कमी झाल्या, म्हणजे शंभरातल्या जवळजवळ ६३.

तरीही २,७८० जागा उरल्याच होत्या, हे विसरायचं नाही. शिवाय फोटोत दिवा दिसतो, पण मनातली धाकधूक दिसत नाही. त्याच रस्त्यावरून दादा शीळ घालत येतो आणि ताई मात्र घाबरत येते. म्हणून आकड्यांसोबत माणसांनाही विचारावं लागतं, आणि तेही सगळ्यांना: आजीला, लहान मुलाला, पहाटे कामाला निघणाऱ्या सफाई कामगार मावशींना.

हा अभ्यास तुम्हालाही करता येईल. आई-बाबांना सोबत घ्या आणि आपल्या गल्लीत संध्याकाळी सातला एक फेरी मारा, मग नऊला दुसरी. वहीत तक्ता आखा. दिव्यांचे खांब किती? त्यांतले चालू किती? झाडाच्या फांद्यांनी झाकलेले किती? उघडी दुकानं किती? रस्त्यावर पुरुष किती, बायका किती? समजा, १२ खांबांपैकी ९च दिवे लागले, तर तुमची गल्ली पाऊण उजळलेली!

बंद दिव्यांच्या खांबांवर क्रमांक असेल, तर तोही लिहून घ्या. मग मोठ्यांच्या मदतीनं नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला एक अर्ज लिहा. ‘आमच्याकडे फार अंधार आहे’ एवढंच लिहिलं तर अर्ज बाजूला पडू शकतो. ‘शाळेपासून मारुतीच्या देवळापर्यंत तीन दिवे बंद आहेत’ असं लिहिलं, तर काम करणाऱ्याला थेट त्या खांबापर्यंत पोहोचता येतं.

गणिताच्या तासाला आपण मोजायला शिकतो, ते काही नुसतं परीक्षेपुरतं नाही. मग कधी निघताय फेरीला? आणि हो, वही-पेन्सिलीबरोबर टॉर्चही घ्या बरं का!