अ‍ॅसिडिटी, अल्सर आणि अर्धवट सोडलेला कोर्स



आमच्या शिक्षकखोलीत मधल्या सुट्टीत डबे उघडायच्या आधी दोघातिघांच्या पर्समधून, खिशातून गोळ्या निघतात. "पित्त झालंय", "रात्रीचा वडा बाधला". मीही त्यातलाच. चार-पाच वर्षं सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यायची आणि दिवस ढकलायचा. मग रात्री दोन वाजता पोट कुरतडल्यासारखं दुखून जाग यायला लागली, तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. दुर्बिणीच्या तपासणीत लहान आतड्याच्या सुरुवातीला व्रण, म्हणजे अल्सर दिसला आणि त्यामागे एक जिवाणू निघाला. त्याचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी.

जठरात इतकं तीव्र आम्ल असताना तिथे जिवाणू राहतोच कसा? आठवी-नववीला आम्ल-आम्लारी शिकवताना हे उदाहरण जरूर सांगा. हा मळसूत्रासारखा पिळदार जिवाणू युरिएज नावाचं विकर तयार करतो. त्याने युरियाचं विघटन होऊन अमोनिया तयार होतो आणि जिवाणूभोवतीचं आम्ल उदासीन होतं. मग तो जठराच्या चिकट अस्तरात शिरून वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो.

अल्सर तिखट खाण्याने आणि काळजीने होतो, असंच डॉक्टरही मानत होते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांना वेगळी शंका आली. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीत जिवाणूवाढीच्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि त्यांत हा जिवाणू वाढलेला दिसला. कोणी पटवून घेईना, म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी जिवाणूंचं द्रावण स्वतःच पिऊन टाकलं! काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या, जठराला सूज आली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. (मुलांना सांगताना "हा प्रयोग घरी करू नये" हे जोडायला विसरू नका.)

आता उपचार. नुसत्या आम्ल कमी करणाऱ्या गोळीने जळजळ थांबते, जिवाणू मात्र तिथेच राहतो. म्हणून आम्ल कमी करणारं औषध आणि दोन प्रतिजैविकं एकत्र देतात, बहुतेक वेळा १४ दिवस. काही वेळा त्यात बिस्मथ हे चौथं औषध असतं. आम्ल कमी झालं की प्रतिजैविकं नीट काम करतात, म्हणून ती साधी वाटणारी गोळीसुद्धा गाळायची नाही. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगायचं, कारण नेहमीच्या औषधांपैकी अमॉक्सिसिलिन त्याच गटातलं आहे.

माझी चूक इथेच झाली. सहाव्या दिवशी दुखणं थांबलं होतं, तोंडाला धातूसारखी कडवट चव येत होती, त्यात पेपर तपासणी सुरू. म्हटलं, बरं वाटतंय की! उरलेल्या गोळ्या कपाटात गेल्या. तीन महिन्यांनी दुखणं परत. डॉक्टरांनी तीच औषधं पुन्हा दिली नाहीत. अर्धवट कोर्समधून वाचलेले जिवाणू त्या औषधाला दाद देत नाहीत, असं होऊ शकतं. आपल्याकडे जुलाबासाठी मेट्रोनिडॅझोल इतकं सर्रास घेतलं गेलंय की पुष्कळ रुग्णांत ते या जिवाणूवर एकटं चालत नाही. दुसऱ्या खेपेला गोळ्या जास्त होत्या. बायकोने दिनदर्शिकेवर चौकोन आखून दिले, मी रोज खुणा करत गेलो.

बिस्मथ चालू असताना शौचाला काळं होतं, त्याला घाबरायचं नाही. पण बिस्मथ चालू नसताना डांबरासारखी काळी, चिकट शी, रक्ताची उलटी किंवा चक्कर असेल तर तो रक्तस्राव असू शकतो. तडक दवाखाना गाठायचा. आणि अंगदुखीसाठी मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नका, त्यांनीही अल्सर होतो.

कोर्स झाला की काम संपत नाही. जिवाणू खरंच गेला का, हे श्वासाच्या किंवा शौचाच्या चाचणीने बघतात. प्रतिजैविकं संपून निदान चार आठवडे आणि आम्लाची गोळी बंद करून दोन आठवडे झालेले हवेत, नाहीतर निकाल फसवा येतो. रक्तातली प्रतिपिंडांची चाचणी यासाठी उपयोगाची नाही. जिवाणू गेल्यावरही ती बराच काळ पॉझिटिव्ह राहू शकते.

पालक विचारतात, "सर, आमच्या बंड्याचं रोज शाळेच्या वेळेला पोट दुखतं, त्यालाही हेच असेल का?" हा जिवाणू बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात शिरतो हे खरं, पण बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही. नुसत्या अधूनमधून दुखणाऱ्या पोटासाठी मुलांची ही तपासणी करू नये, असंच बालरोगतज्ज्ञ सांगतात. मात्र वजन घटत असेल, दुखण्याने रात्री झोपमोड होत असेल, उलटीत रक्त येत असेल किंवा लोहाच्या गोळ्या देऊनही रक्त वाढत नसेल, तर दाखवायलाच हवं. मोठ्यांच्या उरलेल्या गोळ्या मुलांना कधीही देऊ नका. टेट्रासायक्लिनने लहान मुलांच्या दातांवर कायमचे डाग पडतात.

माझी श्वासाची चाचणी निगेटिव्ह आली. कपाटातल्या त्या जुन्या गोळ्या मी औषधाच्या दुकानात नेऊन दिल्या.