उसना घाट आणि स्वतःचा स्वर

एका समाजाच्या दुःखातून घडलेला कलाप्रकार दुसऱ्या समाजातील कलावंताने स्वीकारला, की त्याच्या हाती घाट येतो. त्यामागची अनुभूती येईलच असे नाही. भाषांतरकाराला नित्य भेडसावणारा हा प्रश्न संगीतालाही चुकलेला नाही. ‘जेथ्रो टल’ या इंग्रजी रॉक वाद्यवृंदाच्या पहिल्या दोन ध्वनिमुद्रिका या दृष्टीने उद्‌बोधक आहेत.

१९६८ सालची ‘धिस वॉज’ ही पहिली मुद्रिका प्रामुख्याने ब्लूजच्या वळणाची. ब्लूज हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हालअपेष्टांतून जन्मलेले गायन. त्या काळी अनेक इंग्रज तरुणांनी ते निष्ठेने आत्मसात करू पाहिले. परंतु या मुद्रिकेचे नावच भूतकाळवाचक होते. गिटारवादक मिक एब्राहम्स ब्लूजशी एकनिष्ठ, तर गायक व बासरीवादक इयान अँडरसन यांची ओढ निराळी. अखेर एब्राहम्स बाहेर पडले आणि त्यांच्या जागी मार्टिन बार आले.

१९६९ मधील ‘स्टँड अप’ या दुसऱ्या मुद्रिकेत मँडोलिन, बालालायका आणि साधी, विजेवाचूनची गिटार यांना स्थान मिळाले. गीतांची चाल लोकगीताच्या मोकळेपणाकडे झुकली. मात्र हे मायभूमीकडे परतणे होते, असा सोपा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. बालालायका रशियन आहे. ‘बूरे’ ही रचना जर्मन संगीतकार बाखच्या ल्यूटसाठी लिहिलेल्या कृतीवर बेतलेली आहे. आणि बूरे हा तर मुळात फ्रान्समधील लोकनृत्याचा प्रकार. म्हणजे उसनवारी बाखनेही केलीच होती. शिवाय ब्लूजही हद्दपार झालेला नाही. मुद्रिकेचा प्रारंभच त्याच्या वळणाच्या गीताने होतो.

मग पालट कोणता? पहिल्या मुद्रिकेत रचना बहुधा घाटाशी इमान राखते. दुसरीत घाट रचनेच्या गरजेप्रमाणे वाकतो. अर्थात पहिलीही केवळ अनुकरण नव्हती. रोलंड कर्क या कृष्णवर्णीय अमेरिकन जॅझवादकाची एक रचना अँडरसन यांनी तीत बासरीवर वाजविली होती. तीच बासरी पुढे वाद्यवृंदाची ओळख ठरली. ‘स्टँड अप’ला ब्रिटनमधील विक्रीच्या यादीत पहिले स्थान लाभले, पण तो समीक्षेचा निकष नव्हे. निकष एवढाच, की घेतलेले कोठून आले हे न लपविता त्यातून स्वतःचा स्वर उमटला काय? स्वत्व जन्माने लाभत नाही, तसे ते ऋण नाकारूनही लाभत नाही. ऋण पचविल्यावरच ते प्रकट होते.