एकट्यानें खेळावयाचा खेळ आणि इंटरनेटची सक्ती

खेळांचे दोन वर्ग आपल्याकडे पूर्वींपासून मानीत आले आहेत. हुतूतू, खोखो, आट्यापाट्या यांस सवंगडी लागतात. भोंवरा किंवा पतंग यांस एकटा मुलगाहि पुरे होतो. एकट्याच्या खेळाचें सुख हें कीं, त्याला कोणाची वाट पाहावी लागत नाहीं. पावसानें दार अडविलें, सोबती आजोळीं गेले, तरी खेळ आपल्या हातांत असतो. संगणकावरील खेळांतहि हाच भेद आहे. कांहीं खेळ दूरदूरच्या गांवच्या चौघांनीं इंटरनेटच्या द्वारें एकत्र येऊन खेळावयाचे असतात. त्यांस इंटरनेट लागावें यांत नवल नाहीं. परंतु २०१० च्या सुमारापासून असे कांहीं खेळ निघूं लागले कीं, ज्यांत खेळणारा एकटाच, प्रतिस्पर्धी सर्व यंत्रांतलेच, आणि तरीहि इंटरनेट तुटलें कीं खेळ बंद! असें कां व्हावें, आणि पैसे मोजणाऱ्याच्या पदरीं शेवटीं काय पडतें, याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ विद्यार्थी हे खेळ खेळतात आणि त्यांचे पैसे बहुधा पालक देतात. तेव्हां हा विषय दोघांच्याहि कामाचा आहे.

प्रथम हें घडतें कसें तें पाहूं. असा खेळ सुरू करतांच तो कंपनीच्या सर्व्हरकडे, म्हणजे कोठें तरी दूरच्या इमारतींत अहोरात्र चालूं असलेल्या संगणकाकडे, खेळणाराचें नांव व परवलीचा शब्द पाठवितो. तिकडून होकार आला म्हणजे दार उघडतें. येथवर तक्रार करण्याजोगें फारसें कांहीं नाहीं. परंतु पुढेंहि खेळ ठराविक वेळानें तिकडे निरोप पाठवीत राहतो, आणि उत्तर न आल्यास थांबतो. नाटकगृहाच्या दारावर एकदां तिकीट पाहणें निराळें, आणि प्रत्येक प्रवेशाच्या आरंभीं द्वारपाळानें खुर्चीशीं येऊन तेंच तिकीट पुन्हां मागणें निराळें. याहून खोल अशी दुसरी एक रीत आहे. तींत खेळाचा कांहीं भाग खेळणाराच्या यंत्रावर ठेवीतच नाहींत. राक्षस कोठें उभा आहे, तो मेल्यावर कोणतें शस्त्र हातीं लागेल, हें सर्व्हर ठरवितो. घरच्या पडद्यावर दिसतें तें त्या निर्णयाचें चित्र. कित्येकदां खेळांत झालेल्या प्रगतीची नोंदहि तिकडेच ठेवितात. पहिल्या रीतींत कुलूप तेवढें परक्याच्या हातीं असतें; दुसरींत घराच्या भिंतीच परक्याच्या जागेंत उभ्या असतात.

पहिल्या रीतीचें ठळक उदाहरण म्हणजे फ्रान्समधील युबिसॉफ्ट कंपनीचा 'असॅसिन्स क्रीड २' हा खेळ. (याच कंपनीनें २००८ सालीं पुण्यांत आपली शाखा उघडली.) पंधराव्या शतकांतील फ्लॉरेन्स व व्हेनिस या नगरांतून फिरणाऱ्या एका तरुणाची ही कथा सर्वस्वीं एकट्यानें खेळावयाची. मार्च २०१० मध्यें ती घरगुती संगणकांसाठीं निघाली तेव्हां नियम असा होता कीं, इंटरनेट क्षणभर जरी गेलें तरी खेळ थांबावा, आणि खेळणारानें मागच्या टप्प्यापासून पुन्हां आरंभ करावा. त्याच आठवड्यांत कोणीं तरी कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला केला, आणि रीतसर पैसे भरून खेळ घेतलेल्या पुष्कळ लोकांस तो खेळतां येईना. पुढें कंपनीनें हा नियम सैल केला, आणि सप्टेंबर २०१२ मध्यें आपण ही सततची सक्ती सोडली असल्याचें जाहीर सांगितलें.

दुसऱ्या रीतीचें उदाहरण अमेरिकेंतील ब्लिझर्ड कंपनीचा 'डायब्लो ३'. तो १५ मे २०१२ रोजीं प्रसिद्ध झाला, आणि कंपनीच्याच सांगण्याप्रमाणें पहिल्या चोवीस तासांत त्याच्या ३५ लाखांहून अधिक प्रती खपल्या. इतके लोक एकदम दाराशीं आल्यावर दार मोडावें तसेंच झालें. 'एरर ३७' अशी पाटी पडद्यावर झळके आणि खेळ पुढें सरकत नसे. या खेळांत मिळालेलीं शस्त्रें खऱ्या पैशांनीं विकतां यावीं असा एक बाजार कंपनीनें मांडला होता. तेव्हां कोणीं लबाडीनें शस्त्रें निर्माण करूं नयेत म्हणून हिशेब सर्व्हरवर ठेवणें तिला अवश्य वाटलें. कारण समजण्याजोगें आहे. पण हा बाजार मार्च २०१४ मध्यें बंद झाला, आणि संगणकावरील खेळाचें बंधन मात्र तसेंच राहिलें. याहून गंमत अशी कीं, हाच खेळ २०१३ सालीं टीव्हीला जोडावयाच्या प्लेस्टेशन ३ व एक्सबॉक्स ३६० या यंत्रांवर आला, तेथें तो इंटरनेटवांचून उत्तम चालत होता.

परंतु या सर्व प्रकरणांत अधिक बोधप्रद आम्हांस 'सिमसिटी'चें वाटतें. १९८९ सालीं विल राइट या कल्पक गृहस्थानें हा खेळ प्रथम निर्माण केला. त्यांत खेळणारा एका शहराचा नगराध्यक्ष होतो. रस्ते आंखावयाचे, पाणी व वीज पुरवावयाची, कर बसवावयाचे, आणि लोक संतुष्ट आहेत कीं नाहींत तें पाहावयाचें. कोणाचें डोकें फोडावें लागत नाहीं, व नागरिकशास्त्राचे दोन धडे हंसतखेळत पदरांत पडतात. मार्च २०१३ मध्यें याच नांवाचा नवा खेळ इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीनें काढला, तेव्हां वर्षानुवर्षें घरीं एकट्यानें शहरें वसविणारांस इंटरनेट अनिवार्य झालें. शहरांची नोंद सर्व्हरवर राहावयाची. पहिल्या दिवसापासूनच रांगा लागल्या. कित्येकांनीं बांधलेलीं शहरें नाहींशीं झालीं. सर्व्हरवरील भार हलका करण्यासाठीं कंपनीनें खेळाची सर्वांत जलद गति, जिला 'चित्ता' असें नांव होतें, तीच कांहीं काळ काढून टाकली. अमेझॉनसारख्या विक्रेत्यानेंहि इंटरनेटवरून उतरवून घ्यावयाच्या प्रतींची विक्री कांहीं काळ थांबविली. शेवटीं कंपनीनें आरंभींच्या ग्राहकांस भरपाईदाखल दुसरा एक खेळ फुकट दिला.

हें सर्व व्यवस्थेच्या गलथानपणांत मोडलें असतें. पण कंपनीकडून असेंहि सांगण्यांत आलें कीं, शहराचे हिशेब इतके अवजड आहेत कीं त्यांतले बरेच सर्व्हरवर करावे लागतात. घरच्या यंत्रावर तें जमणें कठीण. हें ऐकून एका जिज्ञासु खेळाडूनें खेळाच्या आज्ञावलींत थोडा फेरफार केला, आणि कांहीं दिवसांतच दाखवून दिलें कीं इंटरनेट तोडूनहि शहर खुशाल चालूं राहतें. वर्षभरानें, मार्च २०१४ मध्यें, कंपनीनें स्वतःच इंटरनेटवांचून खेळण्याची सोय दिली. जें अशक्य म्हणून सांगितलें होतें तें सुमारें वर्षभरानें शक्य झालें, एवढें नमूद करून आम्ही पुढें जातों.

कंपन्यांची बाजू अगदींच पोकळ आहे असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. एक खेळ करण्यास शेंकडों माणसें कित्येक वर्षें राबतात, आणि प्रसिद्ध झाल्यापासून थोड्याच दिवसांत त्याच्या चोरट्या प्रती फुकट फिरूं लागतात. आपल्याकडेहि अशा चकत्या पदपथांवर उघडपणें विकल्या जात होत्या, हें पालकांस आठवत असेल. चोरट्या प्रतीनें खेळणें ही चोरीच होय; तिचें समर्थन आम्ही करणार नाहीं. प्रश्न एवढाच कीं, या पहाऱ्याचा जाच होतो कोणाला? चोरट्या प्रतींतून पहारा काढून टाकलेला असतो. तेव्हां रांगेंत तिष्ठत राहतो तो दाम देणारा. आणि जेथें पावसाळ्यांत वीज व इंटरनेट दोन्हीं वारंवार जातात अशा गांवच्या मुलाला तर ही सक्ती शहरांतल्या मुलापेक्षां अधिक जाचते. किंमत मात्र दोघांस सारखीच पडते.

आतां सर्वांत गंभीर भागाकडे येतों. सर्व्हर चालविण्यास खर्च येतो, आणि तो कोणतीहि कंपनी कायमचा करणार नाहीं. मग तो बंद केल्यावर काय? 'द क्रू' या खेळानें याचें उत्तर दिलें. डिसेंबर २०१४ मध्यें युबिसॉफ्टनें हा खेळ काढला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा एक लहान नकाशा करून त्यांतून मोटार हांकीत या किनाऱ्याहून त्या किनाऱ्यास जावें, अशी त्याची रचना होती. त्यांतील कथाभाग एकट्यानेंहि पुरा करतां येई. ३१ मार्च २०२४ रोजीं त्याचे सर्व्हर बंद झाले, आणि त्या दिवसापासून खेळाची चकती कपाटांत असूनहि ती निरुपयोगी झाली. छापखाना बंद पडला म्हणून घरांतल्या पुस्तकाचीं पानें कोरीं होत नाहींत. येथें तसें झालें. कंपनीचें म्हणणें असें कीं, ग्राहकानें खेळ नव्हे, तर तो खेळण्याचा परवाना घेतला होता. करारांत बारीक अक्षरांनीं तसें लिहिलेलें असतेंहि. पण दुकानांत पाटी 'विकत घ्या' अशीच होती.

या एका शब्दावरून पुढें बरीच चळवळ झाली. एप्रिल २०२४ मध्यें रॉस स्कॉट या अमेरिकन गृहस्थानें 'स्टॉप किलिंग गेम्स' या नांवानें मोहीम आरंभिली. त्याच वर्षीं कॅलिफोर्निया संस्थानानें कायदा केला, आणि १ जानेवारी २०२५ पासून तो अमलांत आला. त्या कायद्यानें असे डिजिटल पदार्थ विकतांना, ग्राहकास केवळ परवाना मिळत आहे हें स्पष्ट सांगितल्यावांचून, 'विकत घ्या' हा शब्द वापरण्यास बंदी केली. जो पदार्थ कायमचा उतरवून घेऊन इंटरनेटवांचून वापरतां येतो त्याला ही अट नाहीं. युरोपांत नागरिकांनीं युरोपीय आयोगाकडे अर्ज करण्याची जी रीत आहे, तिच्याप्रमाणें दहा लाख सह्या लागतात. जुलै २०२५ अखेर त्याहून अधिक सह्या या कामीं जमल्या. सर्व्हर सदैव चालवा अशी त्यांची मागणी नाहीं. बंद करतांना खेळ ग्राहकाच्या यंत्रावर चालूं शकेल अशा स्थितींत सोडून जा, एवढेंच त्यांचें मागणें. 'द क्रू २' या पुढच्या खेळाला युबिसॉफ्टनेंच २०२५ सालीं इंटरनेटवांचून चालण्याची सोय करून दिली.

तोंवर पालकांनीं काय करावें? खेळ घेण्यापूर्वीं वेष्टनावरील किंवा दुकानाच्या पानावरील सूचना वाचावी; एकट्याच्या खेळालाहि इंटरनेट सतत लागतें असें तेथें बहुधा लिहिलेलें असतें. स्टीम या दुकानांत घेतलेला खेळ, दोन तासांहून कमी खेळला असल्यास, चौदा दिवसांच्या आंत परत करतां येतो. तेव्हां घरीं आणल्यावर पहिल्याच दिवशीं मुलाकडून इंटरनेट बंद करवून खेळ चालतो कीं नाहीं तें पाहावें. पोलंडमधील 'जीओजी' हें दुकान तर असें कुलूप नसलेले खेळ विकण्यासाठींच प्रसिद्ध आहे. तेथला खेळ एकदां उतरवून एखाद्या डिस्कवर जपून ठेवला, तर धाकट्या भावंडांच्याहि उपयोगीं पडतो.