प्रश्न विचारणारा उंच मुलगा

रमजान हा कुरआन अवतरणाचा महिना. मक्केजवळच्या हिरा गुहेत प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर जे पहिले ईशवचन उतरले, त्यात वाचण्याचा आदेश आहे आणि माणसाला लेखणीद्वारे ज्ञान दिल्याचा उल्लेख आहे. रोजा, नमाज, जकात यांची चर्चा या महिन्यात घरोघरी होते. लेखणीची मात्र तेवढी होत नाही. म्हणून आज एका खेळाडूची ओळख करून घेऊ. जगाने त्याच्या हातात कायम चेंडू पाहिला, पण शाळकरी वयातच त्याने बातमीदाराची वहीही हाती घेतली होती.

करीम अब्दुल-जब्बार हे नाव बास्केटबॉल पाहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. उंची 7 फूट 2 इंच. अमेरिकेच्या एनबीए स्पर्धेत 38,387 गुण, सहा विजेतेपदे आणि सहा वेळा सर्वोत्तम खेळाडूचा मान. 1984 मध्ये त्यांनी केलेला सर्वाधिक गुणांचा विक्रम तब्बल 39 वर्षांनी, फेब्रुवारी 2023 मध्ये लेब्रॉन जेम्सने मोडला. हे आकडे सर्वत्र सापडतात. त्या आकड्यांच्या आधीचा, 1964 च्या उन्हाळ्यातला एक अध्याय मात्र फारसा सांगितला जात नाही.

करीम यांचा जन्म 16 एप्रिल 1947 चा, न्यूयॉर्कमधला. जन्मनाव फर्डिनांड लुईस अल्सिंडोर, सगळे त्याला लू म्हणत. घर कॅथलिक. आई एका मोठ्या दुकानात वस्तूंच्या किमती तपासण्याचे काम करी. वडिलांनी ज्युलियार्ड या नामांकित संस्थेत संगीताचे शिक्षण घेतले होते, पण पोट भरण्यासाठी ते शहराच्या भुयारी रेल्वेच्या पोलीस दलात नोकरी करत. घरात जाझच्या तबकड्या वाजत आणि दारामागे पोलिसाचा गणवेश टांगलेला असे, असे ते घर.

लू झपाट्याने वाढला. आठवीत असतानाच तो साडेसहा फुटांच्या पुढे गेला होता. मॅनहॅटनमधल्या पॉवर मेमोरियल या मुलांच्या शाळेत तो खेळू लागला आणि शाळेच्या संघाने सलग 71 सामने जिंकले. साहजिकच वर्तमानपत्रांना त्याच्याशी बोलायचे होते, महाविद्यालयांना त्याला आपल्याकडे ओढायचे होते. प्रशिक्षकाने नियम केला की बातमीदारांनी लूशी बोलायचे नाही. हेतू चांगलाच होता. कोवळ्या वयाच्या मुलाचे डोके फिरू नये, अभ्यासावरून लक्ष उडू नये, हीच काळजी त्यामागे होती. परिणाम मात्र विचित्र झाला. लूबद्दल रोज छापून येई, त्याची उंची मोजली जाई, गुण मोजले जात. त्याचा आवाज मात्र कुठेच नसे.

त्यातच एका सामन्याच्या मध्यंतरात त्याच प्रशिक्षकाने, खेळ सुधारावा म्हणून, कृष्णवर्णीयांना हिणवणारा शब्द त्याच्यासाठी वापरला. ज्या माणसावर त्याचा वडिलांसारखा विश्वास होता, त्याच्या तोंडून तो शब्द आला. ही जखम पुढे अनेक वर्षे राहिली. करीम यांनी स्वतःच ती नंतर लिहून ठेवली आणि पुढे त्या प्रशिक्षकाशी समेटही केला. पण तेव्हा सतरा वर्षांच्या लूसमोर प्रश्न होता की आपण नक्की कोण? शाळेची पुस्तके त्याचे उत्तर देत नव्हती. आपल्या लोकांचा इतिहास म्हणून त्यांत गुलामगिरीची पाने सोडून फारसे काही नव्हते.

उत्तर शोधण्याची वाट त्याला हार्लेममध्ये सापडली. हार्लेम ही न्यूयॉर्कमधली कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती. मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क यांनी तेथील तरुणांसाठी ‘हार्यू’ ही संस्था 1962 मध्ये उभी केली होती. 1964 च्या सुटीत संस्थेने तरुणांसाठी पत्रकारितेची कार्यशाळा घेतली आणि लू तिच्यात दाखल झाला. मुलांनी वस्तीत फिरायचे, लोकांशी बोलायचे, ऐकलेले पडताळायचे आणि साप्ताहिकासाठी लिहायचे. संस्थेत वारसा-अभ्यासाची जबाबदारी इतिहासकार जॉन हेन्रिक क्लार्क यांच्याकडे होती. संदर्भासाठी 135 व्या रस्त्यावरचे शॉमबर्ग ग्रंथसंग्रहालय होते. आफ्रिकी वंशाच्या लोकांनी लिहिलेली आणि त्यांच्याविषयी लिहिलेली हजारो पुस्तके, हस्तलिखिते, चित्रे तिथे होती. ज्या मुलाला सारे जग फक्त मैदानावर पाहत होते, तो त्या उन्हाळ्यात ग्रंथालयातल्या बाकावर बसून कवी, चित्रकार, विचारवंत वाचू लागला.

त्याच उन्हाळ्यात डॉ. मार्टिन ल्यूथर किंग हार्लेममध्ये आले. त्यांच्या पत्रकार परिषदेला जाणाऱ्यांत हार्यूचा हा शिकाऊ बातमीदारही होता. त्या प्रसंगाचे छायाचित्र आजही उपलब्ध आहे. डॉ. किंग बोलत आहेत आणि आसपासच्या अनुभवी पत्रकारांत एक काटकुळा, उंचच उंच मुलगा लक्ष देऊन ऐकतो आहे. याच वर्षी पुढे डॉ. किंग यांना नोबेल शांतता पुरस्कार जाहीर झाला. ज्याच्याजवळ जायला बातमीदारांना मनाई होती, तोच मुलगा बातमीदार होऊन काळातल्या सर्वांत मोठ्या माणसासमोर बसला होता.

पण पत्रकारिता फक्त मोठ्यांच्या सभागृहात शिकता येत नाही. 16 जुलै 1964 रोजी जेम्स पॉवेल या पंधरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा एका गोऱ्या पोलीस अधिकाऱ्याच्या गोळीने मृत्यू झाला. दोनच दिवसांत हार्लेम पेटले. लू त्या वेळी भुयारी रेल्वेने येऊन 125 व्या रस्त्यावर बाहेर पडला, तो थेट दंगलीतच. धावपळ, फुटणाऱ्या काचा, गोळ्यांचे आवाज. एवढा उंच मुलगा गर्दीत लपणार तरी कुठे? तो जीव मुठीत धरून पळाला. क्षणभर विचार करून पाहा. गोळी झाडणारा पोलीस, मरणारा आपल्याच वयाच्या आसपासचा, आपल्याच वर्णाचा मुलगा आणि घरी वडील पोलिसाच्या गणवेशात. या तिन्हींना एका वाक्यात बसवणे मोठमोठ्या संपादकांनाही जमले नसते. जी वस्ती पेटली होती, तीच त्या कार्यशाळेचा रोजचा विषय होती. बातमीच्या आत माणसे असतात आणि ती कधी आपलीच असतात, हे या मुलाला सतराव्या वर्षी कळले.

सुटी संपली, शाळा सुरू झाली, पुढे लॉस एंजेलिसचे यूसीएलए विद्यापीठ आले. तिथे त्याच्या संघाने 1967, 1968 आणि 1969 अशी ओळीने तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. पण विचारण्याची सवय सुटली नाही. जून 1967 मध्ये, महंमद अली यांनी व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास नकार दिल्यानंतर, काही नामवंत कृष्णवर्णीय खेळाडू क्लीव्हलँडमध्ये जमले. अलींना त्यांनी तासन्‌तास प्रश्न विचारले आणि मगच जाहीर पाठिंबा दिला. फुटबॉलपटू जिम ब्राऊन आणि बास्केटबॉलपटू बिल रसेल यांच्या रांगेत वीस वर्षांचा लू अल्सिंडोर बसला होता. तो अजून महाविद्यालयीन विद्यार्थी होता.

श्रद्धेच्या बाबतीतही त्याने हीच रीत ठेवली. विद्यापीठाच्या पहिल्या वर्षी माल्कम एक्स यांचे आत्मचरित्र वाचनात आले. मग शोध, वाचन, चर्चा आणि 1968 मध्ये त्याने कलमा पढला. 1971 मध्ये नवे नाव जाहीर केले. करीम म्हणजे उदार, अब्दुल-जब्बार म्हणजे सर्वशक्तिमान अल्लाहचा बंदा. इथेही ते थांबले नाहीत. गुरूंच्या काही मतांशी त्यांचे पटेना. तेव्हा कुरआन दुसऱ्याच्या शब्दांत ऐकण्यापेक्षा स्वतः वाचता यावा, म्हणून 1973 मध्ये ते लिबिया आणि सौदी अरेबियात अरबी शिकायला गेले. मूळ स्रोतापर्यंत जावे हा चांगल्या बातमीदाराचा पहिला धडा. करीम यांनी तो धर्मालाही लावला.

याचा अर्थ त्यांचे आणि वर्तमानपत्रांचे सूत लगेच जुळले असे नाही. 1969 मध्ये ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ या साप्ताहिकात त्यांची कहाणी, एका पत्रकाराच्या साथीने पण त्यांच्याच नावाने, तीन भागांत आली. बाकी काळ ते बातमीदारांपासून दूर राहत, तुटक उत्तरे देत. मुळातला लाजाळूपणा लोकांना गर्व वाटला. 1989 मध्ये निवृत्त झाल्यावर प्रशिक्षक व्हायची इच्छा होती, पण मोठ्या संघांची दारे उघडली नाहीत. आपल्या अबोलपणाची ती किंमत होती, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले.

मग सतराव्या वर्षीची वही पुन्हा उघडली. त्यांचे ‘ब्रदर्स इन आर्म्स’ हे पुस्तक 2004 मध्ये आले. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या 761 व्या रणगाडा बटालियनची, म्हणजे कृष्णवर्णीय सैनिकांच्या तुकडीची ती कथा. त्यांतले एक सैनिक करीम यांच्या वडिलांचे पोलिसातले सहकारी होते. लहानपणापासून ओळखीचा हा माणूस असा पराक्रम करून आला आहे, हे करीम यांना फार उशिरा समजले, कारण कोणी विचारलेच नव्हते. 2007 मध्ये ‘ऑन द शोल्डर्स ऑफ जायंट्स’ या पुस्तकात ते पुन्हा हार्लेमला परतले. तेथील ‘रेन्स’ हा संघ नाचघराच्या लाकडी जमिनीवर बास्केटबॉल खेळे आणि 1939 मध्ये त्याने व्यावसायिक संघांची जागतिक स्पर्धा जिंकली. त्या संघाची आठवण करीम यांनी पुस्तकातून आणि नंतर माहितीपटातून जागी केली. ‘टाइम’, ‘हॉलिवूड रिपोर्टर’ अशा नियतकालिकांत ते स्तंभ लिहू लागले. लॉस एंजेलिस प्रेस क्लबने त्यांना एकाहून अधिक वेळा उत्कृष्ट स्तंभलेखक म्हणून गौरवले. ज्यांना ते उत्तरे देत नसत, त्यांच्याच पंगतीत हे मानाचे पान त्यांना मिळाले.

आता थोडे आपल्याकडे पाहू. खबर कोणी आणली तर आधी तिची शहानिशा करा, नाहीतर नकळत कुणावर अन्याय कराल आणि मागाहून पस्तावाल, अशी ताकीद कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये आहे. दिवसभर पाण्याचा घोट न घेणारे आपण, तराविहनंतर मोबाइलवर आलेला मजकूर न तपासता पुढे ढकलतो. जिभेचा रोजा असतो तसा बोटांचाही असायला हवा.

आणि घरातला मुलगा किंवा मुलगी शाळेच्या संघात खेळत असेल, तर ईदीबरोबर एक वही द्यायला हरकत नाही. सामना कोण जिंकले हे सगळेच सांगतील. पण मैदानावर पहाटे पाणी मारणारे चाचा स्वतः कधी खेळले होते का? मागच्या वर्षीची चपळ कर्णधार या वर्षी मैदानावर का दिसत नाही? हे प्रश्न त्या मुलांनी विचारावेत, उत्तर दोघातिघांकडून पडताळावे आणि शाळेच्या फलकासाठी दहा ओळी लिहाव्यात. चेंडू आज ना उद्या हातातून सुटतो. करीम यांचाही सुटला. सतराव्या वर्षी लागलेली विचारण्याची सवय मात्र त्यांना जन्मभर पुरली.