दप्तर न हलविता यंत्रबदल : फ्लॅश साठवणसंचांची नवी रचना

जमिनीचा उतारा, जन्ममृत्यूची नोंद, निवृत्तिवेतनाचा हिशेब अशी शासकीय कामकाजातील कित्येक कागदपत्रे आता रुमालात बांधलेली नसून संगणकाच्या साठ्यात असतात. खिडकीपाशी उभ्या असलेल्या नागरिकास समोरचा पडदा तेवढा दिसतो. प्रत्यक्ष नोंद ज्या यंत्रात राहते, ते बहुधा दूरच्या माहिती केंद्रात असते. त्यात बिघाड झाला की ‘सर्व्हर बंद आहे’ एवढेच उत्तर मिळते आणि दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसास रिकाम्या हाताने परतावे लागते. म्हणून या साठवणयंत्रांच्या रचनेत कोणते बदल झाले आहेत, याची माहिती तंत्रज्ञांइतकीच अधिकारी, शिक्षक व ग्रामस्थ यांनाही असणे इष्ट आहे.

फिरत्या तबकडीची मर्यादा

सन १९५६ मध्ये आय. बी. एम. या अमेरिकन कंपनीने चुंबकीय तबकड्यांचे पहिले साठवणयंत्र बाजारात आणले. त्यात ५० तबकड्या होत्या व त्यांवर सुमारे ५० लक्ष अक्षरे मावत असत. पुढे तबकड्या लहान झाल्या व त्यांची क्षमता अनेक पटींनी वाढली. परंतु तत्त्व तेच राहिले. तबकडी फिरते आणि एक बारीक दांडी सरकत हव्या त्या जागेपाशी पोहोचते. मिनिटाला १५,००० फेरे घेणाऱ्या वेगवान तबकडीसही अर्धा फेरा पुरा करण्यास दोन सहस्रांश सेकंद लागतात; दांडी सरकण्याचा वेळ त्याहून निराळा. एकाच वेळी हजारो मागण्या आल्या म्हणजे या लहान क्षणांचीच मोठी रांग तयार होते.

फ्लॅश स्मृतीत फिरणारा वा सरकणारा असा एकही भाग नाही. जपानच्या तोशिबा कंपनीतील अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८० नंतरच्या दशकात तिचा शोध लावला. पेन ड्राइव्ह आणि मोबाइल यांत तीच वापरली जाते. हिच्या सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार अडकवून ठेवलेला असतो व वीज गेली तरी तो टिकतो. मात्र तिच्यात एक उणीव आहे. लिहिलेला मजकूर थोडाथोडा पुसता येत नाही. संपूर्ण गट एकदम पुसावा लागतो आणि प्रत्येक पुसण्यागणिक कप्पे झिजतात. यासाठी लिखाण सर्व कप्प्यांवर सारखे विभागण्याची दक्षता यंत्रास सतत घ्यावी लागते.

सन २०१५ ची नवी पेटी

फ्लॅश आली तरी तिच्याभोवतीची यंत्रसामग्री बराच काळ तबकडीच्या जमान्यातीलच होती. कॅलिफोर्नियातील प्युअर स्टोरेज या २००९ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीच्या आरंभीच्या संचांतही सर्वसाधारण सर्व्हरच नियंत्रकाचे काम करीत आणि फ्लॅशची कपाटे त्यांना तारांनी जोडलेली असत. सन २०१५ मध्ये या कंपनीने ‘फ्लॅशअ‍ॅरे एम’ हा स्वतः आखलेला संच जाहीर केला. सुमारे १३ सेंटिमीटर उंचीच्या एकाच पेटीत मागील बाजूस दोन नियंत्रक व पुढील बाजूस फ्लॅशची २० खणे, अशी त्याची मांडणी होती.

या मांडणीत तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, दोन्ही नियंत्रकांपैकी प्रत्येकजण एकटा संपूर्ण भार पेलू शकेल अशी योजना होती. दुसरी, नियंत्रकात कायमची अशी कोणतीही नोंद राहत नसे. आलेली नोंद प्रथम पेटीतीलच एका स्वतंत्र, वीज गेली तरी न पुसणाऱ्या जलद स्मृतीत लिहिली जाई व नंतर फ्लॅशमध्ये व्यवस्थित लावली जाई. दुकानदार जसा व्यवहार आधी रोजकीर्दीत टिपतो आणि सवडीने खतावणीत उतरवितो, तशीच ही पद्धत होय. त्यामुळे एक नियंत्रक काढून त्या जागी नवा बसविताना नोंदींना धक्का पोहोचत नाही. तिसरी गोष्ट अशी की, फ्लॅशच्या प्रत्येक खणापर्यंत जुन्या पद्धतीच्या जोडणीबरोबरच पुढील काळातील जलद जोडणीही आधीच नेऊन ठेवलेली होती.

राखून ठेवलेल्या जागेचा उपयोग

ही जलद जोडणी म्हणजे ‘एन. व्ही. एम. ई.’ पद्धत. तिचे पहिले प्रमाणपत्रक २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. तबकडीच्या काळातील, घरगुती संगणकांत रूढ असलेल्या ‘साटा’ जोडणीत आज्ञांची रांग एकच असे व तीत ३२ आज्ञा मावत. नव्या पद्धतीत सुमारे ६५ हजार रांगा ठेवता येतात. एकाच खिडकीऐवजी अनेक खिडक्या उघडाव्यात, तसा हा फरक आहे.

सन २०१७ मध्ये आलेल्या ‘फ्लॅशअ‍ॅरे एक्स’ या पुढील संचात या जोडणीचा वापर करण्यात आला. शिवाय फ्लॅशचे घटकही बदलले. बाजारातील नेहमीच्या घटकात एक छोटा संगणक असतो. तो आपल्यापुरता झिजेचा हिशेब ठेवतो आणि बाहेर मात्र आपण तबकडीच असल्याचे भासवितो. नव्या घटकांतून हे काम काढून ते संपूर्ण संचाच्या मध्यवर्ती प्रणालीकडे सोपविण्यात आले. प्रत्येक कोठारपालाने वेगळी वही ठेवण्याऐवजी सर्व कोठारांचा हिशेब एकाच ठिकाणी यावा, असे हे झाले. जुन्या संचाचे धारक नियंत्रक व घटक टप्प्याटप्प्याने बदलून, काम चालू ठेवूनच नव्या संचाकडे जाऊ शकत होते.

याचे महत्त्व कार्यालय स्थलांतराचा अनुभव असलेल्यांस सहज पटेल. यंत्र जुने झाले की सर्व माहिती दुसऱ्या यंत्रात हलवावी लागे. त्यासाठी सेवा बंद ठेवावी लागे आणि हलविताना काही गहाळ होण्याची भीती असे. दप्तर जागेवर ठेवून कपाटाचे फळकूट तेवढे बदलता आले, तर ही दोन्ही संकटे टळतात.

खरेदी करताना घ्यावयाची दक्षता

साठवणसंच घेताना केवळ वेगाचे आकडे पाहून निर्णय करू नये. नियंत्रक बदलताना सेवा चालू राहते काय, हे प्रात्यक्षिकाने पाहावे. पुनरावृत्त मजकूर एकदाच साठवून व उरलेला आवळून जागा वाचविण्याची सोय या संचांत असते; म्हणून विक्रेते प्रत्यक्षापेक्षा अधिक क्षमता सांगतात. परंतु जुन्या दस्तऐवजांची छायाचित्रे आधीच आवळलेली असल्यास त्यांत फारशी बचत होत नाही. अशा वेळी प्रत्यक्ष क्षमतेवरच हिशेब करावा.

सर्वांत महत्त्वाची बाब अखेरीस. कितीही उत्तम संच असला, तरी कर्मचाऱ्याच्या हातून चुकून पुसलेली नोंद तो तितक्याच तत्परतेने पुसतो. आग व पूर यांपुढे त्याचे दोन नियंत्रक एकाच पेटीत असतात. म्हणून माहितीची वेगळी प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवणे आणि त्या प्रतीवरून नोंदी पुन्हा उभ्या करता येतात याची वेळोवेळी खात्री करणे, हे कोणत्याही नव्या यंत्रामुळे टळणारे काम नव्हे.