आईकडून आलेली प्रत जागी होते तेव्हा

तीन-चार वर्षांच्या लेकराला आंघोळ घालताना आईच्या हाताला पोटात एका बाजूला काहीतरी टणक लागतं. मूल मात्र मजेत खेळत असतं. विल्म्स ट्यूमर, म्हणजे मुलांच्या किडनीचा सर्वाधिक आढळणारा कॅन्सर, बहुतेकदा असाच हाताला लागतो.

मॅक्स विल्म्स या जर्मन सर्जनने १८९९ साली या गाठींवर ग्रंथ लिहिला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत अर्धवट घडलेल्या नलिका दिसतात, गर्भातली किडनी घडता घडता थांबावी तशा. १९५० च्या दशकात बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी ॲक्टिनोमायसिन हे औषध वापरलं आणि अनेकदा जीव घेणारा हा आजार बहुतांश मुलांत बरा होऊ लागला. आज श्रीमंत देशांत दहातली नऊ मुलं वाचतात.

कारणाचा शोध मात्र रेंगाळला. १९९० मध्ये डब्ल्यूटी-१ जनुक हाती आलं, पण ते थोड्याच गाठींत बिघडलेलं निघालं. खरा धक्का १९९३ चा. आयजीएफ-२ हे वाढीचं जनुक एरवी फक्त वडिलांकडून आलेल्या प्रतीवरून चालतं, आईची प्रत गप्प असते. अनेक गाठींत दोन्ही प्रती चालू सापडल्या. जनुकाचं एक अक्षरही बदललेलं नव्हतं. शेजारच्या एच-१९ जनुकाच्या भागावर मेथिलची खूण, म्हणजे जनुक चालू-बंद ठेवणारी डीएनएवरची रासायनिक खूण, नको तिथे बसली होती, आणि पेशीला वाढीचा दुप्पट हुकूम मिळत होता. कॅन्सर म्हणजे जनुक तुटणं, ही समजूत इथे अपुरी पडली.

२०१९ मध्ये याहून अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आली: काही मुलांच्या निरोगी दिसणाऱ्या किडनीतही तीच खूण होती. गाठ दिसण्याआधीच, गर्भात असताना, तिची पेरणी झालेली होती. यात आईबापांचा काडीचाही दोष नाही, हे त्यांना स्पष्ट सांगायलाच हवं.

अशा खुणांचा अभ्यास आपल्याकडेही चालतो. परळला १९५२ साली सुरू झालेली कॅन्सर संशोधन संस्था २००२ मध्ये खारघरला आली, ती आजची ॲक्ट्रेक. डीएनएवरच्या या खुणा वाचणाऱ्या प्रयोगशाळा आणि रुग्णालय तिथे एकाच आवारात आहेत. लांबून आलेल्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड या संस्थेची निवासाची सोयही तिथेच आहे. मला ती प्रयोगशाळेइतकीच मोलाची वाटते, कारण आपल्याकडे मुलं उशिरा पोचतात आणि राहण्याखाण्याच्या खर्चापायी उपचार अर्धवट सुटतात.

मेथिलची खूण पुसणारं औषध या मुलांसाठी अजून रोजच्या उपचारात नाही. मदार शस्त्रक्रिया आणि केमोवरच, गरज पडली तर रेडिएशनवर. पण बेकविथ-वीडमान सिंड्रोमच्या मुलांत, जन्मतःच मोठी जीभ, बेंबीचा हर्निया असलेल्यांत, हीच गडबड असू शकते. त्यांची दर तीन महिन्यांनी, साधारण सात वर्षांची होईपर्यंत, पोटाची सोनोग्राफी केली तर गाठ लहान असतानाच सापडते.